आप्पांचं चक्र

मला खोली देताना जात न विचारणारे घरमालक आयुष्यात एकच भेटले. त्याबद्दल बरीच वर्षं मी त्यांची आभारी होते. आता नाही.

उस्मानाबादला खरेदी-विक्री संघात मला कारकुनाची नोकरी लागली, तेव्हा मी यादी करून खोली शोधायला निघाले होते. यादी केल्याशिवाय मी भाजीलाही जात नाही. पहिल्या चार घरांत सगळं ठीक चालायचं. पाणी, भाडं, येण्याजाण्याच्या वेळा. मग आडनाव यायचं, आणि आडनावानंतर कुणाचा तरी पुतण्या त्याच आठवड्यात शिकायला येणार असायचा. आम्ही बौद्ध, माझ्या आडनावावरून ते कळायला आमच्याकडं कुणाला वेळ लागत नाही.

पाचवं घर आप्पांचं. दार उघडून त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं.

"चालताना टाच आपटता का?"

"नाही."

"चालून दाखवा."

मी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. आप्पा उकिडवे बसून जमिनीला तळहात टेकवून होते, वैद्य नाडी बघतो तसे. "परत," ते म्हणाले. मी परत आले. तळहात झटकून ते उठले.

"चपला बाहेर. मिरची कांडायची नाही. दार लोटायचं, आपटायचं नाही. शेवटची खोली तुमची."

नाव विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि मी तिथं राहिले त्या सगळ्या काळात कधीच नाही.

तामलवाडीला जाऊन आईला हे सांगितलं. ती ज्वारी निवडत होती.

"आडनाव न्हाय इचारलं? मंग काय इचारलं?"

"टाच."

आईनं ज्वारीतला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "टाचंवरनं बी कळतं का गं आता?"

आप्पा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. अंगानं काटकुळे, शर्टाच्या खिशात कायम एक काचेची नळी, आत पाणी आणि बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की जागा समतल. ही नळी ते कशावरही ठेवत. जेवायला बसण्याआधी पाटावर ठेवत, आणि पाट कलता असला तर काकू, म्हणजे त्यांच्या बायको, खाली कागदाची घडी सारून देत. मी बुडबुडा मधोमध येईपर्यंत भाकरी निवताना पाहिली आहे. काकू त्यावर काही बोलत नसत. बोलायच्या त्या शेजारच्या मुसलमान बाईकडं, सगळे तिला खाला म्हणत. कारण मिरची, मसाला, शेंगदाणे, जे काही कांडायचं ते खालाच्या ओसरीवर जाऊन कांडावं लागे, आणि मुसळाबरोबर बोलणं होतंच.

"जगात दोनच जातीची माणसं," आप्पा म्हणायचे. "आपटणारी आणि न आपटणारी."

हे वाक्य मी कौतुकानं घरी सांगितलं. माझे वडील चळवळीतले. ते इतके खूश झाले की जयंतीच्या कमिटीतल्या दोघांना घेऊन, कडक इस्त्रीत, आप्पांच्या दारात हजर झाले. असा पुरोगामी माणूस शहरात आहे, त्यांचा सत्कार झाला पाहिजे. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"ढोल असतो का?"

"व्हय की. ढोल, हलगी, लेझीम, समदं असतंय."

"मग सत्कार राहू द्या. मिरवणूक या गल्लीतनं नेऊ नका, एवढं करा."

वडील हसले. परत जाताना म्हणाले, "माणूस लई मिस्कील हाय." ही चूक आमच्याच माणसांकडून व्हायची. दारं बंद बघायची इतकी सवय, की एक दार नुसतं लोटलेलं दिसलं तरी आत कुणीतरी आपलं बसलंय असं वाटतं.

आत होती आगगाडी.

मधली खोली ही त्या घरातली सगळ्यात चांगली खोली. जाड भिंतींची, वर मातीचं धाबं, उन्हाळ्यात गार. तिच्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्यांचं टेबल, त्यावर रूळ, दोन स्टेशनं, लाकडी भुशाचे डोंगर आणि निळ्या रंगाची, वर काच बसवलेली नदी. गाडी विजेवर चालणारी, इंजिन बोटभर. काकूंचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्यानं ती कुठल्याशा बंदरातून आणली होती, आपल्या भाचीसाठी, म्हणजे यांच्या बेबीसाठी. बेबी तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. आप्पांनी खोका उघडला आणि तो बेबीकडं कधी गेलाच नाही.

"मला बघायला मिळायची," बेबी मला एकदा म्हणाली. तिचं तेव्हा लग्न झालं होतं, येरमाळ्याला दिली होती, आणि ती चार दिवसांसाठी आली होती. "दारातनं. उंबऱ्याच्या आत यायचं न्हाय. मी मोठी होईस्तवर मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी बापाची एक खोली असती."

आप्पा स्वतः मात्र गाडीत बसायला तयार नसत. प्रवासाचा त्यांना तिटकारा होता. एसटीत दचके बसतात, रेल्वेत माणसं. खरं इंजिन त्यांनी मन लावून पाहिलं ते एकदाच, मोजणीच्या कामाला लातूरला गेले होते तेव्हा. तिथं लहान गाडीचं इंजिन उलटं वळवायला जमिनीत गोल खड्डा होता, खड्ड्यावर रुळांचा पूल, आणि पूल मधोमध एका खुंटावर पेललेला. रेल्वेवाले त्याला टर्नटेबल म्हणतात, आप्पा चक्र म्हणत. इंजिन पुलावर आलं, दोन माणसांनी दोन्ही टोकांना खांदा लावला आणि ते धूड निवांत फिरलं.

"वजन मधोमध आलं की हत्तीसुद्धा बोटानं फिरतो," हे सांगताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. तेवढ्यापुरताच.

नुसती गोल फिरणारी गाडी त्यांना आवडत नसे. "तो घाण्याचा बैल झाला. गाडीनं जावं आणि परत यावं. आणि परत येताना तोंड पुढं पाहिजे." म्हणून शेवटच्या स्टेशनावर चक्र. मी राहायला गेले तेव्हा त्याचं काम सुरू होऊन बरेच दिवस झाले होते, आणि त्यासाठी घर हळूहळू सुटं होत होतं.

खड्ड्यासाठी गोल, उथळ, कडा असलेलं काहीतरी हवं होतं. ते काकूंच्या पिठाच्या डब्याचं झाकण निघालं. त्यानंतर डब्यावर ताट आणि ताटावर दगड असे. पूल सावकाश फिरावा म्हणून भिंतीवरच्या घड्याळाची चाकं गेली. मग त्या घरात वेळ माझ्या मनगटावरून सांगितला जायचा. पूल नेमका रुळासमोर येऊन थांबावा म्हणून खटका हवा होता, तो छत्रीतला घेतला. काकू म्हणाल्या, "आवं, छत्री कशाला मोडायलात?" आप्पांनी आभाळाकडं हात केला. "तिचं आता काय काम?"

यात मात्र ते चूक नव्हते. ती वर्षं कोरडी होती. आमच्या संघाच्या दुकानात इंजिन-पंपांचे सुटे भाग धूळ खात पडले होते, कारण विहिरींत उपसायला काही नव्हतं. शेतकरी यायचे ते पेंड आली का विचारायला. त्यात एकदा आप्पा आले. "सगळ्यात लहान बेअरिंग दाखवा." दुकानातल्या माणसानं विचारलं, "कुठल्या पंपाला?" आप्पा म्हणाले, "पंपाला नाही. फिरण्यासाठी." त्या महिन्यात विकलं गेलेलं ते एकच बेअरिंग असावं.

पाणी टँकरनं यायचं, दिवसाआड. टँकर आमच्या दारासमोर उभा राहायचा, ही काकूंच्या आयुष्यातली एक सोय. टँकर घुरघुरला की मधल्या खोलीत फळ्या थरथरत. आप्पांनी सुंदर अक्षरात अर्ज केला, नकाशा जोडून, आणि टँकर कोपऱ्यावर गेला. त्या दिवसापासून काकू दोन घागरी घेऊन कोपऱ्यापर्यंत जायच्या. मी कामावर जाण्याआधी माझ्याबरोबर त्यांच्याही दोन आणायची. येताना उघड्या दारातून ती निळी नदी दिसे. तिला बारमाही पाणी.

चक्राची खरी अडचण विजेची होती. पूल अर्धा फिरला की डावा रूळ उजवीकडं येतो, वीज उलटी होते, आणि इंजिन सांध्यावर आलं की ठिणगी पडून सगळं बंद. आप्पांनी पितळेची कडी घेतली, बरोबर मधून कापून दोन अर्धी केली आणि खुंटाभोवती बसवली, म्हणजे पूल फिरता फिरता वीज आपोआप बदलून घेईल. ती कडी त्यांनी किती वेळा कापली असेल! मोजून, घासून, नळी ठेवून, फेकून, पुन्हा नवी. काम चांगलं होतं. हे मी नाकारत नाही. वाईट माणसाच्या हातचं काम वाईट असतं असं मला वाटायचं, तो समज त्या घरात गेला.

त्याच सुमारास बेबीचं पत्र आलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडं सांगायची गोष्टच नाही. चैत्रात येणार होती. काकूंनी जेवणाच्या पाटाला घडी लावता लावता विषय काढला. मी तिथंच होते, घागरी उतरवत.

"बेबी यायलीय. मधली खोली लागंल."

"मधली खोली रिकामी नाही."

"रिकामी करा म्हणायलेय. सव्वा महिना. मंग परत मांडा तुमचा संसार."

"चक्र आत्ता कुठं जुळत आलंय. हलवलं की जुळणी गेली. केसभर फरक पडतो."

"केसभर? पोरगी बाळंत व्हायलीय, आन् तुमी केस मोजायलाव?"

"ओसरीवर पडदा लावा."

"चैताचं ऊन हाय. ओसरीवर बाळंतीण ठेवत्यात का कुठं?"

आप्पांनी नळी काढून पाटावर ठेवली. बुडबुडा मधोमध आला. ते जेवायला बसले.

शेवटी मी माझी खोली दिली आणि खालाच्या ओसरीवर झोपायला गेले. मोठेपणा नव्हता, दुसरा उपायच नव्हता. पण माझी खोली म्हणजे वर पत्रे. बेबी दवाखान्यातून मुलीला घेऊन आली, तेव्हा काकू पत्र्यावर पोती भिजवून टाकत होत्या, आणि भिजवायला पाणी कोपऱ्यावरून येत होतं. ती बाजेवर पडून राहायची, अंगावर घामोळं, आणि भिंतीपलीकडं गार अंधारात बोटभर इंजिन उभं.

पाळणा टांगायला त्या घरात एकच भरवशाची तुळई होती. ती मधल्या खोलीतून निघून भिंतीतून माझ्या खोलीत यायची. काकूंनी तिला कडी मारून घेतली. पाळणा हलला की तुळई किंचित हलायची, भिंत हलायची, आणि इंजिन पुलावरून घसरायचं. आप्पा दारात यायचे.

"पाळणा हळू."

मग, "पाळणा थोडा वेळ थांबवा."

मग एका सकाळी माझ्या खोलीच्या दारावर तक्ता लागला. एका बाजूला पाळण्याच्या वेळा, दुसऱ्या बाजूला चक्राच्या. मोजपट्टीनं आखलेला, रेल्वेच्या स्टेशनात असतो तसा. बेबीनं तो वाचला आणि भिंतीकडं तोंड केलं. खालाला वाचता येत नव्हतं. तिला मी वाचून दाखवला. खाला म्हणाली, "या अल्ला! लेकराच्या रडण्याची वेळ राहिली की लिहायची."

बारशाच्या दिवशी गल्लीतल्या बायका जमल्या. खोलीत मावेनात म्हणून दारात, ओसरीवर. घुगऱ्या वाटून झाल्या होत्या, पाळणा सुरू होणार, एवढ्यात मधल्या खोलीचं दार उघडलं आणि आप्पा बाहेर आले. हसत होते. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते. दात चांगले होते त्यांचे.

"या, या. सगळ्याजणी या."

काकूंचा चेहरा असा उजळला की मला तो आठवायला नको वाटतो. त्यांना वाटलं, खोली दिली. बायकांना वाटलं, आजोबा नात बघायला आले. एकीनं लेकरू उचलून त्यांच्यापुढं धरलं. "घ्या आप्पा. तुमच्यावरच गेलीय."

"तिला नंतर," आप्पा म्हणाले. "आधी पाळणा धरा कुणीतरी. अजिबात हलू देऊ नका. आणि एका जागी उभ्या राहा सगळ्या."

कुणाला काही समजेना. काकूंना समजलं. त्यांनी पाळण्याची दोरी मुठीत घट्ट धरली. सगळं घर गप्प. आतून इंजिनाची बारीक घरघर आली, मग चाकांची करकर, बऱ्याच वेळानं छत्रीचा खटका पडल्याचा आवाज, आणि पुन्हा घरघर, परत येणारी.

"आलं! तोंड पुढं करून आलं!"

बायका एकमेकींकडं बघत होत्या. खाला पदर सावरत पुढं झाली.

"मुबारक हो, आप्पा. तुमचीबी सुटका झाली. बाळ-बाळंतीण खुशाल?"

हशा झाला. आप्पांनी मान डोलावली. "होय. त्रास फार दिला पण."

ते खरंच तसं म्हणाले, मनापासून. बेबी हसली नव्हतीच.

सव्वा महिन्याची वाट न बघता बेबी निघाली. ओल्या बाळंतिणीनं भर उन्हात एसटीनं जाणं ही लाज वाटण्यासारखी गोष्ट, आणि लाज माहेरची. काकू तिला पोचवायला निघाल्या. त्यांच्या सामानात पाळणा होता, कपड्यांची वळकटी होती, आणि पिठाचा रिकामा डबा. आप्पा दारात उभे होते.

"डबा कशाला नेतेस?"

"झाकण ठेवलंय तुमाला," काकू म्हणाल्या.

त्या परत आल्या नाहीत. भांडण नाही, काडीमोड नाही, पंच बसले नाहीत. लोकांना बरेच दिवस त्या नातीसाठी राहिल्यात असंच वाटत होतं. येरमाळ्याला हमरस्त्यावर त्यांनी जावयाच्या दुकानाशेजारी भाकरी-पिठल्याचं घातलं, देवीला येणाऱ्यांची गर्दी असायची, चांगलं चाललं. आप्पा एकदाही गेले नाहीत. उस्मानाबादहून येरमाळ्याला एसटी मिळत नाही असं नव्हतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मिळायच्या. मी लवकरच दुसरी खोली बघितली. तिथं आडनाव विचारलं गेलं, मी सांगितलं, थोडं नाक मुरडून खोली मिळाली. पण त्या बाईनं मला तापात पेज करून दिली.

मग माझं लग्न झालं, बदली झाली, आणि काही वर्षांनी काकू गेल्याचं कळलं. दहाव्याला मी येरमाळ्याला गेले. आप्पा आले नव्हते. परतताना उस्मानाबादला उतरले आणि काही न ठरवता त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. न ठरवता मी फारसं काही करत नाही.

दार लोटलेलं होतं. मी आत गेले. आप्पांनी वर पाहिलं, ओळख पटेना. मग त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं.

"हां. न आपटणाऱ्या तुम्ही."

"काकूंच्या दहाव्याला जाऊन आले."

"कळलं होतं," ते म्हणाले. "या, बघा. वाढवलंय."

मधली भिंत काढून टाकली होती. टेबल आता माझ्या खोलीपर्यंत आलं होतं, जिथं बाज होती तिथपर्यंत. तुळईला मारलेल्या पाळण्याच्या कडीतून वायर सोडून दिवा लावला होता, आणि दिव्याखाली, बरोबर मधोमध, पिठाच्या डब्याच्या झाकणात चक्र. ते चक्र आधी मधल्या खोलीत होतं.

"हे हलवलंत तुम्ही?"

"हो. इकडं उजेड चांगला आहे."

"हलवलं की जुळणी जाते म्हणाला होतात."

"जाते ना. दोन दिवसांत परत जुळवली. माणसानं मनावर घेतलं की होतं."

त्यांनी इंजिन पुलावर घेतलं. दांडी फिरवली. पूल सावकाश फिरला, खटका पडला, इंजिन तोंड पुढं करून माझ्याकडं आलं. एक थरथर नाही.

"पाहिलंत?"

"पाहिलं," मी म्हणाले आणि निघाले.

ओसरीवर आल्यावर लक्षात आलं की मी अजून चवड्यांवर चालत होते. उंबऱ्यापाशी चपला घातल्या, पाय उचलला आणि टाच फरशीवर आपटली. होता नव्हता तो सगळा जोर लावून. आत काहीतरी पत्र्यावर पडल्यासारखं वाजलं.

"कोण आहे?" आप्पा ओरडले. "कोण आहे ते?"

मी माझं नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं. आडनाव सांगितलं, मोठ्यानं, गल्लीत ऐकू जाईल असं.

आतून नुसती बारीक खुटखुट ऐकू आली. बहुतेक ते इंजिन रुळावर चढवत होते.